स्त्रियांच्या आत्मकथनांची वाचनयादी : सहा महिन्यांच्या नोंदी

7 जानेवारी

मराठीत स्त्रियांनी स्वतःविषयी लिहिलेली पुस्तके पहिल्यापासून क्रमाने वाचायची, असे आज ठरवले. माझे वय चोवीस आहे आणि आजवर मी हाताला लागेल ते वाचत आले. गेल्या महिन्यात ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ वाचून संपवले, तेव्हा या पुस्तकाच्या आधी कोणी काय लिहून ठेवले आहे हे आपल्याला धड सांगता येणार नाही, याची मला फार खंत वाटली. कुणी आणखी असे काम हाती घेतले तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते. त्यात चुका आणि वाया गेलेले दिवसही लिहीन.

तयारी साधी आहे. जाड कागदाची कार्डे, ती उभी मावतील असा एक खोका आणि पेन्सिल. एका पुस्तकाला एक कार्ड. रोज चाळीस पाने, बारा पुस्तके, चार महिने, असा हिशेब मांडला आहे.

19 जानेवारी

बारा दिवस यादी करण्यातच गेले आणि त्यातले निदान सात वाया गेले. सुरुवातीला मी लोकांच्या आवडीच्या याद्या एकत्र करत बसले. त्यात कादंबऱ्या, कवितासंग्रह, पुरुषांनी लिहिलेली स्त्रियांची चरित्रे असे सगळेच शिरले आणि कार्डे सत्तेचाळीस झाली. मग एकच कसोटी लावली: बाईने स्वतःच्या जगण्याविषयी स्वतः सांगितलेले असले पाहिजे. चौतीस कार्डे काढून टाकली आणि तेरा उरली. ती प्रकाशनाच्या वर्षाप्रमाणे लावून खोक्यात ठेवली. पहिले कार्ड रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’चे, वर्ष 1910.

26 जानेवारी

क्रम चुकला आहे. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’चे कार्ड मी अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’च्या मागे ठेवले होते, कारण त्यावर 1975 असे लिहिले होते. आज वाचनालयातून ते पुस्तक आणले आणि प्रस्तावना उघडताच चूक समजली. मूळ पुस्तक 1882 सालचे आहे. 1975 हे स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून वाचकांसमोर आणल्याचे वर्ष. मी हाताशी असलेल्या प्रतीवरचे वर्ष उतरवले आणि पुस्तक त्र्याण्णव वर्षे पुढे ढकलले.

संध्याकाळी सगळी कार्डे पुन्हा तपासली. आणखी चार कार्डांवर पुनर्मुद्रणाची वर्षे निघाली. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला आवृत्त्यांची जी बारीक अक्षरांतली यादी असते, ती वरपासून वाचावी लागते. मी नेहमी तळाची ओळ उतरवत होते, कारण ती सर्वांत ठळक दिसते. असे काम करणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे पान बघावे. माझा त्यात एक पूर्ण दिवस गेला.

2 फेब्रुवारी

ताराबाईंपासून सुरुवात केली आणि चाळीस पानांचा हिशेब पहिल्याच दिवशी कोसळला. तासाला जेमतेम नऊ पाने होतात. वाक्य सुरू होते आणि संपायचे नाव घेत नाही; मध्येच प्रश्न येतो, प्रश्नाच्या पोटात टोमणा, टोमण्याच्या पाठोपाठ दाखला. डोळ्यांनी वाचताना माझा धागा सारखा तुटत होता. तीन दिवस अशीच झगडले. चौथ्या दिवशी वैतागून मोठ्याने वाचू लागले, आणि वाक्ये सरळ झाली. हे लेखन भांडणाच्या लयीत आहे. समोर कोणीतरी उभे आहे आणि बाई त्याला बोलू देत नाही, अशा आवाजात ते वाचले की श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळते.

भांडणाला कारणही तसेच होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःचे मूल मारल्याबद्दल 1881 मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली, पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीच्या नीतीवर झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला दिलेले उत्तर म्हणजे हे छोटेसे पुस्तक. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आपल्यापर्यंत आलेले नाही.

11 फेब्रुवारी

‘स्त्रीपुरुष तुलना’ माझ्या कसोटीत बसते का, यावर तीन दिवस अडले. त्यात ताराबाई आपल्या लग्नाविषयी, घराविषयी, दिवसाच्या क्रमाविषयी काही सांगत नाहीत. हा निबंध आहे, आत्मकथन नव्हे. तरीही कार्ड खोक्यातून काढावेसे वाटेना. दुसऱ्या बाईवर आलेला आळ जिला स्वतःवर आल्यासारखा वाटतो, तिने स्वतःविषयी काहीच सांगितले नाही असे मला म्हणता येत नाही. कार्ड ठेवले, पण कोपऱ्यात ‘निबंध’ असे लिहिले. कसोटी मोडायची असेल तर कार्डावर तसे नोंदवून मोडावी.

23 फेब्रुवारी

रमाबाई रानडे संपल्या. बारा दिवस लागले. 1873 मध्ये अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी, तिला शिकवू पाहणारा नवरा, आणि तिने पुस्तक हातात घेतले की बोल लावणाऱ्या घरातल्या बायका, हा सगळा पट मला ऐकून माहीत होता. मला जे ठाऊक नव्हते ते असे, की त्या या बायकांवर राग काढत नाहीत. रात्री धडा घ्यायचा, दिवसा टोमणे ऐकायचे आणि दोन्हींची नोंद सारख्याच शांतपणे करायची, हे मला वाचताना जड गेले. कितीतरी ठिकाणी मी समासात ‘चिडत का नाही?’ असे बारीक पेन्सिलीने लिहिले आणि नंतर ते खोडले, कारण पुस्तक वाचनालयाचे होते आणि प्रश्न माझा होता.

शीर्षक दुसऱ्यांदा वाचले तेव्हा लक्षात आले की ते ‘माझ्या’ आयुष्यातील नाही, ‘आमच्या’ आयुष्यातील आहे. न्यायमूर्ती रानडे, म्हणजे नवरा, 1901 मध्ये गेले, पुस्तक 1910 मध्ये आले. मधली नऊ वर्षे माझ्या कार्डावर कुठेच दिसत नाहीत, कारण कार्डावर वर्षाला एकच रकाना आहे.

24 फेब्रुवारी

सर्व कार्डे नव्याने लिहिली. आता वर्षाचे तीन रकाने केले: कोणत्या काळाविषयी आहे, लिहिले केव्हा, छापले केव्हा. जिथे खात्री नाही तिथे रकाना मोकळा सोडायचा, अंदाज लिहायचा नाही. तेरा कार्डांवरचे मिळून दहा रकाने आज मोकळे आहेत.

8 मार्च

मोठी चूक. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ मी नऊ दिवस वाचत होते आणि दोन तृतीयांश झाल्यावर कळले की माझ्या हातातली प्रत संक्षिप्त आहे. मुखपृष्ठावर तसे काही दिसत नव्हते. शीर्षकपानावर पुस्तकाच्या नावाखाली एक छोटा शब्द होता आणि मी ते पान उलटून पुढे गेले होते. शंका आली ती प्रसंगांमुळे. एक व्यक्ती अचानक घरात वावरू लागली आणि ती आली केव्हा हे शोधायला मी दोनदा मागे गेले, तरी सापडेना.

मूळ ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात चार भागांत निघाली आणि 1936 मध्येच लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संपूर्ण आवृत्ती मिळवायला आणखी चार दिवस गेले. संक्षिप्त प्रत वाईट आहे असे मी म्हणणार नाही, पण लक्ष्मीबाईंचे सगळे बळ आडवळणांत आहे. गोष्ट सांगता सांगता त्या दुसऱ्याच कोणाच्या तरी स्वभावात शिरतात आणि तिथून हसत परत येतात. कात्री चालते ती नेमकी अशा ठिकाणी.

27 मार्च

संपूर्ण ‘स्मृतिचित्रे’ आजीला वाचून दाखवत पूर्ण केली. आधी मी माझ्या वेगाने वाचत होते, तर आजी म्हणाली, “अगं, एवढ्या घाईने वाचलंस तर हसायचं कधी?” त्यानंतर वेग तासाला पंचवीस पानांवरून पंधरावर आणला. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचा सुरुवातीचा भाग मी एकटीने वाचला होता तेव्हा मला तो विनोदी वाटला होता. आजीने तो ऐकताना डोळे मिटून घेतले आणि मग एवढेच म्हणाली, “घरातल्या बायकांचे हात काय झाले असतील पाण्याने.” मी ते पान पुन्हा वाचले. विनोद तसाच होता, पण आता मला त्यात ओले, गारठलेले हातही दिसत होते.

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरचा भाग सर्वांत सावकाश वाचला. नवऱ्याने विचार करून पाऊल उचलले आहे आणि बायकोला त्याची किंमत विचार करायला वेळ न मिळताच मोजावी लागते आहे. लक्ष्मीबाई स्वतः त्या धर्मात आल्या त्या काही वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत. त्यांच्या मनातून जातिभेद गळून पडतो तो प्रसंग आजीने दोनदा वाचायला लावला. माझ्या यादीत इतका मोठा बदल इतक्या साध्या शब्दांत दुसरीकडे आलेला नाही.

16 एप्रिल

या खेपेला तीन पुस्तके एकत्र वाचली आणि हा प्रयोग जमला. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ 1928 ची, आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ 1944 चे. या दोघी सख्ख्या बहिणी. तिसरे पुस्तक धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’, 1915 चे. ते माझ्या यादीत बसत नाही, पण एकच घर तीन बाजूंनी दिसावे म्हणून सोबत घेतले. रोज सकाळी एक आणि रात्री दुसरे, असे आलटून पालटून वाचले. दोन दिवस सगळे एकमेकांत मिसळले आणि कोणी काय म्हटले ते आठवेना, म्हणून तीन रंगांच्या पट्ट्या कापून खुणेला घातल्या.

1893 मध्ये कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, लग्न केले आणि त्यानंतर मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. अण्णांच्या, म्हणजे कर्व्यांच्या, पुस्तकात मला त्यामागचे तत्त्व आणि पुढचे कार्य अधिक दिसले. आनंदीबाईंच्या पुस्तकात मला घर दिसले: पैसा पुरत नाही, नवरा जे मिळेल ते विधवांसाठी काढलेल्या संस्थेला देतो आणि संसार मात्र हिनेच ओढायचा असतो. त्या तक्रार करतात, स्पष्ट करतात, आणि त्याच दमात त्या माणसाविषयीचा अभिमानही सांगतात. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. पार्वतीबाई संस्थेसाठी निधी गोळा करायला पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. या दोघींची पुस्तके अण्णांच्या पुस्तकाखाली दबून राहिली, याचे मला वाईट वाटते. मी स्वतःही आधी ‘आत्मवृत्त’च ऐकून होते.

21 एप्रिल

टिपणांचा फज्जा. आजवर मी आवडलेली वाक्ये वहीत उतरवत होते. ऐंशी पाने भरली. आज रमाबाईंच्या आणि लक्ष्मीबाईंच्या लेखनात फरक काय, असा प्रश्न स्वतःला विचारला आणि वही चाळली, तर उत्तर कुठेच नव्हते. वाक्ये होती, पण ती का उतरवली ते मी लिहिले नव्हते. या उताऱ्यांत रोजची पाऊण तास तरी मोडली असेल.

वही बंद केली. त्याऐवजी प्रत्येक कार्डाच्या मागे एकच प्रश्न लिहिला: लेखणी कोणाच्या हातात होती? बाईने स्वतः लिहिले, सांगून लिहवून घेतले, की कोणी शब्दांकन केले, कोणाच्या सांगण्यावरून, कोणापासून लपवून. याचे उत्तर पुस्तकातून आणि प्रस्तावनेतून शोधायचे आणि पाच ओळींत मांडायचे. ‘माझे पुराण’च्या कार्डामागे पहिली ओळ अशी झाली: संपादन कावेरी कर्वे, म्हणजे सुनेचे. हे मी आठवड्यापूर्वीच वाचले होते आणि त्याकडे लक्षच दिले नव्हते.

2 मे

‘सांगत्ये ऐका’ तीन दिवसांत संपले. आत्तापर्यंतचे सर्वांत वेगाने वाचलेले पुस्तक. हंसा वाडकरांनी सांगितले, अरुण साधूंनी शब्दबद्ध केले. आधी ‘माणूस’ साप्ताहिकातून आले आणि 1970 मध्ये पुस्तक झाले. पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या.

नवा प्रश्न कार्डामागे नसता तर मी हे एका बाईचे थेट बोलणे म्हणून वाचले असते. आता वाचताना जाणवत राहिले की ऐकणारा समोर बसला आहे. कुठे कुठे प्रसंग एकदम तोडलेला आहे. तिथे बोलणारी थांबली की लिहिणाऱ्याने थांबवले, हे पानावरून ठरवता येत नाही, म्हणून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले. पण एक गोष्ट निश्चित आहे: स्वतःच्या चुका, दारू, नको त्या माणसांवर टाकलेला विश्वास हे सगळे ती कोणाकडेही क्षमा न मागता सांगते. रमाबाईंच्या शांतपणाचा मला राग आला होता. इथे तो शांतपणा नाही, आणि तरीही मला रमाबाईंचे पुस्तक परत हातात घ्यावेसे वाटले.

12 मे

दहा दिवसांत एकही पान वाचले नाही. कारण विशेष नाही, कामे होती. चार महिन्यांची मुदत संपली आहे आणि तेरापैकी सात कार्डे शिल्लक आहेत. रोजच्या पानांचा हिशेब आज काढून टाकला. त्याऐवजी रोज अर्धा तास, पाने कितीही होवोत.

24 मे

बेबी कांबळे, ‘जिणं आमुचं’. छापलेल्या पुस्तकाचे वर्ष 1986. त्याआधी 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले होते. पण लिहिल्याचा रकाना भरताना हात थांबला. बेबीताईंनी हे लिहून घरच्यांपासून लपवून ठेवले होते आणि ते जवळजवळ वीस वर्षे तसेच राहिले. फलटणला त्यांचे किराणा दुकान होते. सामान बांधण्यासाठी रद्दी आणायची आणि ती बांधण्याआधी वाचून काढायची, अशी त्यांच्या वाचनाची सुरुवात. माझ्या कार्डांचा क्रम छापलेल्या वर्षावर बेतलेला आहे. लिहिलेल्या वर्षावर बेतला असता तर हे पुस्तक कितीतरी आधी वाचायला आले असते. तीन रकाने केल्याचे आज सार्थक झाले.

वाचताना मात्र पहिले दोन दिवस माझेच चुकले. मी ‘मी’ शोधत होते: हिचे बालपण, हिचे लग्न, हिचे दुःख. पुस्तकात त्याऐवजी महारवाडा होता. तिथले सण, देव, उपासमार, सासुरवास सोसणाऱ्या कोवळ्या सुना, आणि डॉ. आंबेडकरांच्या शब्दाने बदललेली माणसे. आत्मकथन सुरू कधी होणार, असे मी कार्डावर लिहिलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी शीर्षक नीट पाहिले. ‘आमुचं’. रमाबाईंचे ‘आमच्या’ म्हणजे नवरा-बायको दोघांचे; बेबीताईंचे ‘आमुचं’ म्हणजे साऱ्या वस्तीचे. शब्द एकच, पण त्यात कोणाला घेतले यावरून अख्खे पुस्तक बदलते. ते वाक्य खोडले आणि पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केले. आठ दिवस अधिक लागले. त्याबद्दल तक्रार नाही.

स्वतःच्या संसारात सोसलेल्या मारहाणीविषयी त्या पुस्तकात बोलत नाहीत. पुढे ‘जिणं आमुचं’चे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत त्या त्याविषयी बोलल्या. कार्डामागे लिहिले: लेखणी स्वतःच्या हातात, पण लपवून, आणि लपवून लिहितानाही काही गोष्टी बाहेर ठेवून.

5 जून

खोक्याच्या अगदी पुढे एक नवे कार्ड आले आहे, आणि ते आणताना मी एक ढोबळ चूक केली. कुठेतरी वाचले की बहिणाबाईंच्या कवितेत आत्मचरित्र आहे. मी बहिणाबाई चौधरींचा संग्रह आणला आणि दोन संध्याकाळी त्यात आत्मचरित्र शोधत बसले. उल्लेख संत बहिणाबाईंचा होता, सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. चौधरींच्या कविता 1952 मध्ये छापल्या गेल्या. दोघींमध्ये अडीचशे वर्षांचे अंतर आहे. त्या दोन संध्याकाळी मी वाया गेल्या असे धरत नाही, कारण चौधरींच्या ओव्या वाचून कोणाचाच वेळ वाया जात नाही, पण यादी करणाऱ्याने नावापुढे आडनाव किंवा काळ लिहिल्याशिवाय कार्ड करू नये.

संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदनाचे अभंग मग वाचले. लहानपणी झालेले लग्न, वयाने कितीतरी मोठा नवरा, तिच्यामागे फिरणारे आणि तिच्यावाचून न राहणारे वासरू, हिच्या भक्तीचा राग येऊन नवऱ्याने केलेली मारहाण. बेबीताईंनी जे पुस्तकाबाहेर ठेवले ते इथे अभंगात आले आहे, देवाला सांगितल्यामुळे. मागच्या बारा जन्मांचीही हकीकत त्या सांगतात. ‘कोणत्या काळाविषयी’ या रकान्यात बारा जन्म कसे मांडायचे ते मला सुचले नाही. रकाना मोकळा ठेवला.

14 जून

आणखी एक कार्ड वाढले: मुक्ता साळवे, 1855. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध, ‘ज्ञानोदय’मध्ये छापलेला. एका बैठकीत वाचून होतो. मी तो तीनदा वाचला. ताराबाईंच्या कार्डावर मी फेब्रुवारीत ‘निबंध’ असे लिहून ठेवले नसते तर हे कार्ड कसोटीतून बाहेर पडले असते.

29 जून

‘आयदान’ पुन्हा वाचले. डिसेंबरात मी ते पाच दिवसांत संपवले होते, यावेळी सोळा दिवस लागले. आयदान म्हणजे बांबूचे विणकाम. वडील गेल्यावर आई ते विणून घर चालवत होती. पहिल्या वाचनात मी ते शीर्षक एक छान प्रतिमा म्हणून घेतले होते. आता आईच्या हातांपाशी थांबले: विणणारी ती आहे, आणि लिहिणारी मुलगी आहे. कार्डामागचा प्रश्न इथे दोन जणींना विचारावा लागला.

एकूण पंधरा कार्डे झाली, त्यांतली दहा वाचून झाली. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ वाचनालयातून बाहेर गेले आहे, दोन आठवड्यांनी मिळेल. तोवर ‘मी, दुर्गा खोटे’ घेते. त्याच्या कार्डावर छापल्याचे वर्ष 1982 लिहिले आहे. ते आवृत्त्यांच्या यादीतल्या वरच्या ओळीवरून घेतले आहे. बाकीचे दोन रकाने पेन्सिलीसाठी मोकळे आहेत.